येसूआजीचा घाट

एका जंगलात, बाळांनो, इतक्या भाषा होत्या की त्या मोजायच्या भानगडीत कुणी पडलंच नव्हतं. आपण घरातल्या मुंग्या मोजतो का? तसंच ते.

माकडांची एक भाषा होती. हरणांची एक होती. रानडुकरांची अलीकडच्या डोंगरावर एक आणि पलीकडच्या डोंगरावर दुसरी, आणि दोन्हीकडची डुकरं म्हणायची की समोरचे अशुद्ध बोलतात. पोपटांना स्वतःची भाषा होती की नाही हे पोपटांनाही आठवत नव्हतं.

जंगलाच्या मधोमध एक तळं होतं, आणि तळ्यावर एक जुनी रीत होती. पाण्याला तोंड लावण्याआधी आपापल्या भाषेत हाक द्यायची, "आलोय हो." आधीपासून कुणी पीत असेल त्याने आपल्या भाषेत म्हणायचं, "या." हरणाने हाक दिली की डुक्कर ओ द्यायचं, डुकराला मोर ओ द्यायचा. कुणाला कुणाचं व्याकरण येत नव्हतं, पण पाणी सगळ्यांना मिळत होतं. वाघमहाराजसुद्धा हाक द्यायचे. त्यांनाही "या" म्हणणारं कुणीतरी असायचंच, फक्त जरा लांबून.

तळ्याच्या वरच्या अंगाला एक अर्जुनाचं झाड होतं. झाडाच्या ढोलीत ठकूबाई साळुंकी राहायच्या आणि झाडाच्या बुंध्याशी, बिळात, येसूआजी.

ठकूबाईंना सात-आठ भाषा येत होत्या. त्या शिकायला त्या कुठे गेल्या नव्हत्या. कुणाकडे भांडण लागलं की त्या हातातलं काम टाकून जवळच्या फांदीवर जाऊन बसायच्या, एवढंच. भांडणात भाषा फार लवकर येते. माणसं, म्हणजे आपली जनावरं, भांडताना मोठ्याने आणि तेच तेच बोलतात. नवरा म्हणायचा, दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय त्याच्याशी आपल्याला काय करायचंय. ठकूबाई म्हणायच्या, करायचं काहीच नाही, पण माहीत नको?

येसूआजी म्हणजे खवल्या मांजर. तुम्ही पाहिलं नसेल. अंगावर कौलं घातल्यासारखे खवले, लांब जीभ, पुढच्या पायांना नांगरासारखी नखं, आणि तोंडात दात एकही नाही. वयामुळे पडलेले नव्हेत, त्यांच्यात मुळात येतच नाहीत. कुणी जवळ आलं की आजी अंगाचा गोळा करायची आणि तो माघारी जाईपर्यंत उलगडायची नाही.

तिच्या भाषेत बोलणारं तिथे दुसरं कुणी उरलं नव्हतं. काही वारले, काही जंगल सोडून गेले. एक मुलगा नदीपलीकडे होता. तो माकडांत राहून माकडांचंच बोलायचा आणि आईकडे आला की म्हणायचा, कळतं मला सगळं, बोलता तेवढं येत नाही. तेव्हा आजी आपली स्वतःशीच बोलायची. संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी बसून पुटपुट चालू. वर ढोलीत ठकूबाई पिलांना निजवत ती ऐकायच्या. त्यांचा तो रोजचा विरंगुळा होता. दोघींचं समोरासमोर बोलणं मात्र इतक्या वर्षांत झालं नव्हतं. ठकूबाई खाली उतरल्या की आजीचा गोळा.

तर एकदा काय झालं, शेजारच्या जंगलाचा सिंह पाहुणा आला. जेवता जेवता त्याने वाघमहाराजांना सहज विचारलं, आपल्या राज्यात भाषा किती? आमच्याकडे सतरा आहेत. महाराज म्हणाले, आहेत बऱ्याच. पण त्यानंतर त्यांच्या घशाखाली घास उतरेना. स्वतःच्या राज्यातली गोष्ट, आणि आकडा माहीत नाही.

पाहुणा गेल्याबरोबर भाषामोजणी खातं निघालं. त्यावर धवलराव बगळे यांची नेमणूक झाली. कारण साधं होतं. बगळेसाहेब तासन्‌तास एका पायावर डोळे मिटून उभे राहायचे, त्यामुळे ते सारखा विचार करत असतात असा सगळ्यांचा समज होता. ते मासे बघत असतात हे फक्त माशांना माहीत होतं.

साहेबांनी नियम केले. प्रत्येक भाषेला तळ्यावर तिचा स्वतंत्र घाट मिळेल. प्रत्येकाने आपली एकच भाषा सांगायची आणि त्याच घाटावर पाणी प्यायचं. ज्या भाषेत बोलणारे पाचांहून कमी, ती भाषा नव्हे, नुसता आवाज. असे सगळे आवाज 'इतर' घाटावर.

ठकूबाईंच्या झाडाखाली साहेब आले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, तुमची भाषा कोणती?"

ठकूबाईंनी खुशीत सांगायला सुरुवात केली. माहेरची एक. सासू डोंगरापलीकडची, तिच्याशी तिची. पिलांना दटवायला माकडांची बरी पडते, तिच्यात जोर आहे. भाव करायचा तर खारींची. आणि मनातल्या मनात नवऱ्याला बोलायचं असलं तर रानडुकरांची, पलीकडच्या डोंगरावरची.

"एक सांगा," साहेब म्हणाले.

"मग बाकीच्या दिवसभर काय करू साहेब?"

साहेबांनी डोळे मिटले आणि त्यांना साळुंक्यांच्या घाटावर टाकलं. मग ते येसूआजीच्या बिळाशी वाकले. आत गोळा. किती जण बोलतात ही भाषा, असं त्यांनी तीनदा विचारलं. गोळ्यातून काही उत्तर आलं नाही. साहेबांनी स्वतःच ठरवलं, इतर.

इतर घाट तळ्याच्या पार टोकाला होता. चैत्र संपत आला होता, तिथलं पाणी कधीच आटलं होतं. राहिली होती भेगाळलेली माती आणि एक उंबराचं झाड.

येसूआजीला यातलं काही समजलं नव्हतं. ती नेहमीच्या वेळी नेहमीच्या जागी गेली आणि तिने हाक दिली. आता तिथे बाभळीच्या फांद्या रोवलेल्या होत्या. आतून हरणांनी मान वर केली. रोज तिला "या" म्हणणारी तीच हरणं. ती फार नम्रपणे म्हणाली, आजी, आमचं काही नाही हो, पण हा हरणांचा घाट आहे, नियम आहे. आजी शेजारच्या घाटावर गेली. डुकरांनीही तेच सांगितलं, अलीकडच्यांनी आणि पलीकडच्यांनीही. त्या बाबतीत मात्र त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

आजी माघारी आली. दुसऱ्या दिवशी इतर घाटावर जाऊन भेगा चाटून आली. तिच्या खवल्यांवर धूळ बसली. संध्याकाळची पुटपुट कमी होत गेली आणि एक दिवस बंदच पडली.

ठकूबाईंना पहिल्यांदा वाटलं, आपलेच कान गेले. त्यांनी फांदी बदलून पाहिली. मग त्या खाली उतरल्या. आजीने त्यांना पाहिलं, पण गोळा केला नाही. तेवढंही बळ नव्हतं तिच्यात. तेव्हा ठकूबाई घाबरल्या.

बोलणारे पाच पाहिजेत. ठकूबाई आधी नदीपलीकडे उडाल्या. मुलगा भेटला, पाहुणचार केला, वाईट वाटतं म्हणाला, पण चारचौघांत ती भाषा बोलायची त्याला लाज वाटत होती. माझ्या पोरांना तर कळतही नाही, असं त्याने सांगितलं, आणि ते सांगताना त्याला अभिमानच वाटलेला दिसला.

मग त्या वाळवीच्या वारुळावर गेल्या. आजी वाळवी खायची, म्हणजे वाळवीला तिची भाषा यायलाच हवी. वाळवी म्हणाली, येते ना, पिढ्यानपिढ्या येते. पण आम्हाला त्यातलं एकच वाक्य येतं, 'भूक लागली'. ते ऐकलं की आम्ही पळतो. ती भाषा गेली तर आमची काही तक्रार नाही.

शेवटी ठकूबाईंनी आजीला कसंबसं दरबारात आणलं. एवढी गर्दी पाहून आजीने उरल्यासुरल्या बळाने धुळीतच गोळा केला, आणि ठकूबाई वाघमहाराजांपुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ही भाषा आहे, आवाज नाही. मला येते.

"बोलून दाखवा," बगळेसाहेब म्हणाले.

ठकूबाईंनी चोच उघडली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांनी त्या भाषेत आजवर काय ऐकलं होतं ते. पण आता माघार घेता येत नव्हती. त्यांनी सुरुवात केली, थेट आजीच्या आवाजात, आजीच्या हेलात. तुमच्यासाठी आपल्या भाषेत सांगायचं तर ते असं होतं.

"उठली वाटतं वरची भवानी. आता दुपारपर्यंत हिच्या चोचीला उसंत नाही. अंडी घालते चार आणि गोंगाट चाळिसांचा. डोकाव, डोकाव, बिळात सोनं पुरलंय माझ्या. नवरा बिचारा कधी बोलणार, मेल्यावर?"

शेवटी आजी जांभई देत जो सुस्कारा सोडायची तोसुद्धा त्यांनी सोडला.

दरबाराला शब्द कळले नाहीत, पण हेल कळला. प्रत्येकाच्या घरी तशी एक म्हातारी होती. सगळे खो खो हसले. आणि धुळीतला गोळा हळूहळू उलगडला.

"तुला कळत होतं?" आजीने तिच्या भाषेत विचारलं. कित्येक वर्षांनी ती त्या भाषेत दुसऱ्या कुणाशी बोलत होती.

"सगळं," ठकूबाई त्याच भाषेत म्हणाल्या.

"मग कधी उत्तर का नाही दिलंस?"

"दिलं असतं तर तुम्ही बोलायच्या थांबला असता."

लांब जीभ बाहेर काढून आजीने स्वतःच्या नाकावरची धूळ पुसली.

बगळेसाहेब म्हणाले, हृद्य आहे, पण हे दोनच झाले. नियमाला पाच लागतात.

आता ठकूबाईंनी जे विचारलं त्यात खोच नव्हती, बरं का. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. चौकशी केल्याशिवाय त्यांना राहवायचंच नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, आणि महाराजांची भाषा किती जण बोलतात?"

हसणं थांबलं. त्या जंगलात वाघ एकच होता.

बगळेसाहेबांनी दुसरा पाय खाली टेकवला. त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर असलेले त्या दिवशी जंगलाने पहिल्यांदा पाहिले. थोडा वेळ डोळे मिटून ते म्हणाले की नियमात दुरुस्ती आहे. बोलणारा एक असला तरी चालेल. पण तो बोलला की बाकीचे गप्प झाले पाहिजेत. गप्प झाले तर ती भाषा. उलट उत्तरं आली तर ती बोली.

लगेच परीक्षा झाली. महाराजांनी डरकाळी फोडली. दरबारात पानसुद्धा हललं नाही. साहेब म्हणाले, भाषा. मग आजीला बोलायला सांगितलं. आजी म्हणाली, "तहान लागलीय." ठकूबाईंनी ताबडतोब त्याच भाषेत सांगितलं, "चला, मी येते बरोबर." मागून माकडांनी विचारलं काय म्हणाली, हरणांनी मोरांना विचारलं, मोरांनी उगाचच ओरडून घेतलं. साहेब म्हणाले, बोली. इतर.

मग ओळीने सगळ्यांची परीक्षा झाली. हरणं बोलली, डुकरांनी उत्तर दिलं. डुकरं बोलली, दुसऱ्या डुकरांनी चूक काढली. एकाचंही बोलणं ऐकून बाकीचे गप्प बसले नाहीत. संध्याकाळपर्यंत अख्खं जंगल इतरांत आलं, आणि साळुंक्याही.

येसूआजी इतर घाटावर गेली. ठकूबाई वरून उडत, आजी खालून चालत. उंबराखालच्या कोरड्या मातीत आजीने नखं रोवली आणि खणायला लागली. दात नव्हते, पण नखं होती. मोजणी भाषांची होती, म्हणून नखांबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं. मध्येच ती थांबली की ठकूबाई तिला तिच्याच भाषेत टोमणे मारायच्या, आणि आजी रागाने आणखी खोल जायची. हातभर खाली ओल लागली. आणखी खाली पाणी.

दुसऱ्या दिवशी हरणं आली. लांब उभी राहून, मान खाली घालून त्यांनी हाक दिली, "आलोय हो, आजी."

आजीने बराच वेळ त्यांना तसंच उभं ठेवलं. मग म्हणाली, "या."

पुढच्या हिवाळ्यात सिंह परत आला. महाराज यावेळी तयारीत होते. भाषा किती, असं सिंहाने विचारायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं, "एक. बाकीचे नुसते बोलतात."

सिंहाने घास खाली ठेवला. म्हणाला, फार पुढे गेलात तुम्ही, आमच्याकडे अजून सतराच्या सतरा आहेत. जाताना त्याने बगळेसाहेबांना उसनं मागून घेतलं, पण महाराजांनी आठ दिवसांत परत पाठवण्याचं वचन घेतलं.

आता तळ्याकाठी भाषेचा म्हणून एकच घाट आहे. मोठा आहे, स्वच्छ आहे. महाराज तिथे एकटेच जातात. जुन्या सवयीने हाक देतात, "आलोय हो," आणि थांबतात. कुणी "या" म्हणत नाही. उत्तर दिलं तर महाराजांच्या भाषेची बोली होईल, मग एवढी जोखीम कोण घेणार?

पलीकडच्या टोकाहून, उंबराखालून, सतत कलकल ऐकू येते. त्यात एक म्हातारी कुणालातरी भवानी म्हणत असते आणि कुणीतरी तिला तितक्याच ठसक्यात उत्तर देत असतं. एकदा महाराजांनी बगळेसाहेबांना विचारलं, ते सगळे काय बोलतात रे तिकडे?

साहेबांनी डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं.

"काही नाही महाराज. आवाज आहे."

तात्पर्य : भाषा टिकवायची असेल तर ती बोलणारी तोंडं मोजत बसू नये, तोंडातले दात मोजावेत. आणि ज्यांना दातच नाहीत, त्यांनी निदान शेजारीण भोचक पाहून घर करावं.