डावीकडचा स्पीकर

आमच्या नालवाडीतल्या ढोमणेकाकांनी एकदा माझी गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार पकडीने कापली. तारेवर ओले कपडे होते. मला विचारलंसुद्धा नाही. वर मलाच ऐकवलं, "सूनबाई, तुही तार नागपूरच्या आडवी येऊन राह्यली."

काका आमचे शेजारी. कापसाच्या जिनिंगमधून फिटर म्हणून रिटायर झालेले, एकटे. गच्चीवर लोखंडी पाइप, त्याच्या टोकाला स्वतः बनवलेला अँटेना, त्याचं तोंड नागपूरकडे. तिथलं एफएम आमच्याकडे लागलं तरी खरखरतं. पण काकांना नुसतं लागून चालत नसे. ट्यूनरवरचा स्टिरिओचा लाल दिवा पेटलाच पाहिजे. तो विझला की भिंतीवरून आवाज यायचा, "आवाजात माती आली."

आणि माती कोण कालवतं? आम्ही. दुपारी दोन ते तीन मी मिक्सर लावायचा नाही. आमच्या ह्यांनी जेवून दुकानात जाताना मोपेड दारात सुरू करायची नाही, कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायची. चांगला बाप्या माणूस भर उन्हात मोपेड ढकलतोय, का तर काकांचा दिवा विझतो. हा शेजार आहे की शिक्षा? चटणी वाटायला मी कोणाची परवानगी काढू? आणि ऐकतात काय, तर सुगम संगीत. बातम्यासुद्धा नाहीत.

त्या दिवशी मी धुळीतले कपडे बादलीत कोंबले आणि बादलीसकट त्यांच्या घरात शिरले. "काका, आज सोक्षमोक्ष होऊनच जाऊ द्या."

"चूप. इकडे बस, डाव्या स्पीकरजवळ."

दिवा पेटलेला होता. सात-आठ बायकांचं समूहगीत चाललं होतं. मी रागातच बसले.

"डाव्या टोकाची शेवटली, बारीक आवाजाची," काका हळूच म्हणाले. "कुसुम आहे."

कुसुमकाकू आम्ही इथे येण्याआधीच वारल्या होत्या. मी त्यांना फोटोतच पाहिलेलं.

गाणं संपलं तरी काका स्पीकरकडेच बघत होते. "एकदाच गेलती नागपूरले रेकॉर्डिंगले. गाणं लागलं तं मले म्हणे, ऐका ना. मी म्हटलं, आठ जणीत तुहा आवाज का समजते? अन् रेडिओ बंद केला. मंग ती कधी गायलीच नाई." त्यांनी चष्मा पुसला. "आता कधी लावतील, नेम नाई. दिवा विझला का साऱ्या जणी एकात एक मिसळतेत. ती सापडत नाई. तुले समजला ना आवाज?"

"समजला," मी म्हणाले.

कपडे पुन्हा धुतले. ह्यांच्याकडून नायलॉनची दोरी आणवली. राग गेला असं नाही. विचारलं असतं तर तार मीच सोडून दिली असती. पण खरं सांगते, त्या रागात मला साऱ्या बायका सारख्याच ऐकू आल्या होत्या.

आता दोन वाजले की मीच ह्यांना मोपेड ढकलायला लावते. काकू पुन्हा लागतील तेव्हा मला त्यांना नीट ऐकायचंय.