पाठवणीचं पाणी

हेमकांतने लग्नाची फिल्म बनवली, तीत सगळं होतं, फक्त रडू नव्हतं. नवरी भूमिकाचं सासर माहेरच्याच प्रकाशा गावात, दोन गल्ल्या पलीकडे, ती रडणार तरी कशाला? पाठवणीत पोरगी चक्क हसत होती. तिच्या आईने, सरलाबाईंनी, फिल्म परत पाठवली. तापीकाठच्या गुजर घरांतली पुढची लग्नं त्यांच्या शब्दावर ठरायची, म्हणून हेमकांतला घाम फुटला.

त्याने पाठवणी इतकी संथ केली की गाडी दारातून निघायलाच सहा मिनिटं लागली. वर सनई घातली. फिल्म जड झाली, कॉम्प्युटर ती तयार करता करता रखडला. दुपारी चारला सरलाबाई नंदुरबारला स्टुडिओत येणार होत्या. मग हेमकांतने प्रोसेसरचा वेग वाढवला, ठरल्यापेक्षा बराच. पाण्याने थंड ठेवायची थेरं मोठ्या शहरातल्यांची, आपल्याला हवेचा पंखा पुरे, असं तो सगळ्यांना ऐकवायचा. पारा अठ्ठ्याण्णववर गेला आणि कॉम्प्युटर गपकन बंद पडला.

त्याने कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली, डबा खिडकीत ठेवून खिडकी सताड उघडली आणि फाइल पुन्हा बनवायला लावली. इथेच घोळ झाला. खिडकीपलीकडे रूपचंदची मिरची वाळवायची पथारी होती. मिरची वाळत असेतोवर तिकडची खिडकी उघडायची नाही, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आज तर वाळलेली मिरची पोत्यांत भरणं चाललं होतं. पंखा ती धूळ ओढून तापलेल्या पात्यांवरून थेट खोलीत फेकू लागला.

सरलाबाई नवऱ्यासह, पितांबरकाकांसह, आल्या. फाइल अजून बनतच होती, म्हणून हेमकांतने तयार झालेली पाठवणी लावली. त्याचा घसा खवखवला, तेव्हा त्याला सगळं उमगलं. पण खिडकी लावली तर कॉम्प्युटर पुन्हा बंद पडणार. त्याने देवाचं नाव घेतलं.

गाडी दारातून हलली आणि सरलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पितांबरकाका तर हुंदके देत होते.

"मी मांडवमा बी रडनू नही," ते कसंबसं म्हणाले, "आते डोयानं पानी थांबी नही ऱ्हायनं."

फिल्म पसंत पडली, तोवर फाइलही पुरी झाली. पेनड्राइव्ह घेऊन दोघं नाक पुसत गेले. हेमकांतने खिडकी लावली, प्रोसेसरचा वेग पूर्ववत केला आणि चूळ भरली. एवढा मोकळा श्वास त्याने महिन्यात घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरलाबाईंचा फोन आला.

"हेमकांत, घर तीच फिल्म लावी, कोनीच रडनं नही. तुन्हा कम्प्युटरवरच ती चांगली दिसस. ऐतवारले भूमिकाना सासरना याही येतीन, तो कम्प्युटर उचलीसन आठे लई ये."

नाही म्हणायची सोय नव्हती. हेमकांतने निमूटपणे प्रोसेसरचा वेग परत वाढवला आणि पिशवी घेऊन तो पथारीवर गेला.

"रूपचंदभाऊ, जराशी मिरची दे. एकदम तिखट."

"कितली? खावाले का?"

"नही. रडाले."