डिंग्या पुलावरनं पडला!

मंगळवार पेठेतला अमरसिंह हा ड्रायव्हिंग स्कूलचा मालक. अर्ध्या कोल्हापूरला आपणच क्लच-गिअर शिकवला, असं तो सांगायचा. उरलेलं अर्धं कोल्हापूर नीट चालवत नाही, असंही सांगायचा! "एकदा मोटार हातात बसली की जगातलं कुठलंबी यंत्र हातात बसतंय," हे तर त्याचं रोजचं वाक्य.

म्हणून त्या दिवशी सकाळी घरात एकटाच राहिल्यावर त्याने लेकीचा व्हिडिओ गेम लावला. जरा बघूया तरी, पोरं एवढी काय करतात!

बायको निशिगंधा लेकीला घेऊन दवाखान्यात गेली होती. दहा वर्षांच्या पूर्णिमाच्या पायाचं प्लास्टर आज निघणार होतं. जिन्यावरून पडून पाय मोडला, त्याला दीड महिना झाला. त्या दीड महिन्यात पोरगी रडली नाही ती या गेममुळे. टीव्हीवरच्या कार्टूनमधला डिंग्या नावाचा मुंगूस, गळ्यात लाल रुमाल. त्याला फळ्यांवरून, वेलींवरून, ढगांवरून उड्या मारायला लावायच्या आणि काजवे पकडायचे. एकूण साठ काजवे. पूर्णिमाचे एकोणसाठ झाले होते. शेवटचा तिने मुद्दाम ठेवला होता. "प्लास्टर निघालं की त्याच दिवशी पकडणार, उभं राहून!" असं तिने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

अमरसिंहाने रिमोट हातात घेतला, दिसेल ते बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला. मोबाइल काहीही विचारो, अमरसिंह 'यस'च म्हणायचा. इथेही म्हणाला. मग त्याने प्रश्न वाचला.

'आधीचा खेळ पुसून टाकू का?'

पडद्याच्या कोपऱ्यात काजवा लुकलुकला. शेजारी आकडा होता, साठापैकी शून्य!

पोरगी लंगडत दारातून येणार, पहिल्यांदा टीव्ही लावणार, आणि... अमरसिंहाने घाईघाईने अझहरला फोन लावला. अझहरचं मोबाइल आणि गेम दुरुस्तीचं दुकान होतं.

"अझहर, पुसलेला गेम परत येतोय काय रं?"

"न्हाय येत, अमरदा. परत खेळायचा, एवढंच."

"किती वेळ लागंल?"

"मला दोन दिवस लागलतं."

घड्याळात सव्वादहा झाले होते. मायलेकी एकपर्यंत येणार.

"फोन ठेवू नगंस! स्पीकरवर टाकतोय. तू सांग, मी हाणतो!"

सुरुवात तर झकास झाली. रंग असे की डोळ्यांना गारवा वाटावा! डिंग्या पडला तरी हसत उठायचा, रुमाल झटकायचा, पुन्हा तयार. अर्ध्या तासात अकरा काजवे मिळाले.

"अझहर, लई भारी काढलाय गा गेम! शिकाऊ माणसाला अजिबात रागवत न्हाय!"

"थांबा की. अजून पूल यायचाय."

पूल आला. झुलता, लाकडी, मधल्या फळ्या गायब. डिंग्याने धाव घेतली आणि ऐन उडीच्या वेळी समोर भलंमोठं झाड आलं. डिंग्या दिसेना, पूल दिसेना! खाली पाण्यात 'डुबुक' वाजलं.

"आयला! मला झाड कशाला दावतोय ह्यो?"

"त्योच दोष हाय त्येच्यात. कॅमेरा झाडामागं जातोय. आणि पडलं की एक जीव जातोय, परत पार पहिल्यापासनं."

अमरसिंह पुन्हा निघाला. डुबुक! पुन्हा निघाला. डुबुक! बारा वाजले. घामाने बनियन अंगाला चिकटलं. शेवटी तो जिवाच्या आकांताने ओरडला,

"अझहर, परत पुलावरनं पडला रं!"

"मेला?"

"मेला की! तीन जीव गेलं! आता एकच ऱ्हायलाय!"

नेमका त्याच वेळी शेजारचा बाळासो शिडी मागायला फाटकात आला होता. तो जागीच थिजला. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी सकाळीच बाहेर पडलेली त्याने स्वतः पाहिली होती. चालवायला शिकवणारा पिराजी आणि शिकणारे तिघं. पुढचा हिशेब बाळासोने मनातल्या मनात केला आणि शिडी विसरून गल्लीत पळत सुटला.

"अवो, पिराजीची गाडी पुलावरनं पडली! तिघं गेलं! एकटाच हाय अजून!"

पाच मिनिटांत अमरसिंहाचा सोपा, म्हणजे पुढची खोली, माणसांनी भरला. कुणी चपला काढल्या, कुणी काढायच्या विसरलं. पलीकडच्या गल्लीतून पिराजीची बायको धोंडुबाई आली, ती पिठाच्या हातांनीच. अमरसिंहाची पाठ दाराकडे, नजर पडद्यावर. पडद्याकडे बघायची शुद्ध आलेल्यांपैकी कुणालाच नव्हती.

"भावजी," धोंडुबाईने विचारलं, "कुठल्या पुलावरनं वो?"

"लाकडाच्या, वैनी," अमरसिंह मान न वळवता म्हणाला. "कितींदा दमानं घेतलं, तरी उडी लवकरच मारतोय!"

"उडी मारली? सोताहून?"

"मग काय! पळत जाऊन!"

धोंडुबाईने असा हंबरडा फोडला की अमरसिंहाच्या हातून रिमोट निसटता निसटता राहिला. बायका तिला धरायला धावल्या. "लई शांत माणूस वो, असं का केलं आसंल?" "घरात काय झालतं काय गं?" कुणी पाणी आणलं. फोनमधून अझहर विचारत होता, "अमरदा, बाई का रडायल्या? एवढा कुठं अवघड हाय ह्यो गेम?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. पिराजी उतरला, मागोमाग तिघं शिकाऊ उतरले. गर्दी बघून पिराजी दबकत पुढे आला. त्याने टोपी काढली आणि कडेला उभ्या असलेल्या एका पावण्याला हळूच विचारलं,

"कोण गेलं वो?"

"पिराजी."

"कुठला?"

"ड्रायव्हिंग स्कूलचा. पुलावरनं उडी टाकली म्हणं."

"आरारा!" पिराजी हळहळला. मग त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली आणि किंचाळला, "आवो, त्यो मी न्हवं काय!"

धोंडुबाईने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, हाताने चाचपलं आणि जिवंत असल्याची खात्री पटताच पाठीत धपाटा घातला. पिठाची पाची बोटं सदऱ्यावर उमटली! सगळी गल्ली बाळासोकडे वळली. बाळासोने अमरसिंहाकडे बोट दाखवलं. अमरसिंहाने पडद्याकडे.

खरं तर माणसांनी आता घरी जायचं. पण लेकीचे एकोणसाठ काजवे बापाने पुसले, हे कळल्यावर कुणाचाच पाय निघेना. "एकच जीव हाय न्हवं? मार उडी!" "आत्ता न्हाय! दम धर!" पिराजी तर सवयीने ओरडला, "ब्रेक, ब्रेक!" अमरसिंहाने दचकून बटण सोडलं.

डुबुक!

आणि दारात रिक्षा थांबली.

पूर्णिमा आईच्या खांद्याला धरून एकेक पायरी चढली. दीड महिना झाकलेला पाय काटकीसारखा बारीक दिसत होता. तिने माणसं पाहिली, पडदा पाहिला, मग बापाकडे पाहिलं.

"बाळा," अमरसिंह म्हणाला, "तुजं समदं पुसलं माज्याकडनं. परत मिळवायला बसलोय, पण त्यो पूल..."

बापाच्या हातून रिमोट घेऊन पूर्णिमाने दोन बटणं दाबली. पडद्यावर एकाखाली एक तीन खाने उघडले, प्रत्येकात वेगळा खेळ. तिसऱ्यात आकडा होता, एकोणसाठ!

"पप्पा, माझं तिसऱ्यात असतंय. तुम्ही पहिल्यातलं पुसलंय."

सगळ्या सोप्याने एकदम श्वास सोडला. पूर्णिमाने भिंतीला पाठ लावली, दोन्ही पायांवर उभी राहिली आणि तो शेवटचा काजवा पहिल्याच उडीत टिपला. गल्लीने टाळ्या वाजवल्या. धोंडुबाईने डोळे पुसले, या वेळी आनंदाने.

"चला, देवानं राखलं," अमरसिंह हसत म्हणाला. "खरंच गुणाचा गेम हाय. तीन-तीन खानं! फकस्त कुणाचं कुठलं त्येची नावं न्हाईत, एवढाच काय तो दोष." मग त्याने सहज विचारलं, "पण मग पहिल्यातलं कुणाचं हुतं गं?"

पूर्णिमा आईकडे बघू लागली.

निशिगंधा अजून उंबऱ्यातच उभी होती, औषधांची पिशवी हातात घट्ट धरून.

"बावन्न हुतं," ती म्हणाली. "रोज दुपारी, भांडी आवरल्यावर. नुसता त्यो पूल पार करायला तीन आठवडं गेलं माजं."

एकेक करून माणसं चपला शोधू लागली.

"त्या झाडामागं काय दिसतच न्हाय, न्हवं?" अमरसिंहाने चाचरत विचारलं.

"काय म्हंजे काय दिसत न्हाय!" निशिगंधा उसळून म्हणाली, आणि क्षणभर नवरा-बायकोचं असं एकमत झालं की लग्नातसुद्धा झालं नव्हतं. मग तिला पुन्हा बावन्न आठवले.

"उद्यापासनं दुपारी दोन ते चार हितं बसायचं. बावन्न हुईस्तोवर. फोन बंद, दार बंद," ती आत जाता जाता म्हणाली, "आणि तोंडबी बंद!"