चालू अभिलेख

सरकारी कागदाला ओल लागली तर राज्याचं कायमचं नुकसान होतं. माणसाला ओल लागली तर नुसता खोकला होतो. शिरूरजवळच्या एका शासकीय अपंग महिला आधारगृहाचा कारभार या तत्त्वावर चालत असे, आणि चांगला चालत असे.

पाटसची धुरपदा कुबड्या घेऊन तिथं राहायला आली, तेव्हा छप्पर गळत होतं. १९९६ साली तिनं तसं पोस्टकार्डावर लिहून थेट हायकोर्टाला पाठवलं. कोर्टानं कार्डालाच याचिका मानलं आणि हुकूम दिला: आधारगृह सुधारा, सुधारणेचा अहवाल दर महिन्याला द्या, आणि सगळं दप्तर नीट जपा.

अधीक्षक शंकरराव कायदा मानणारे गृहस्थ. त्यांनी अंमलबजावणी शेवटच्या कलमापासून सुरू केली. न गळणारी खोली इमारतीत एकच, आणि तिच्यात बायका झोपत. सुधारणेच्या हितासाठी त्यांना व्हरांड्यात हलवून दप्तर आत आणण्यात आलं. खोलीला रंग लागला, पंखा लागला, खिडक्यांना जाळ्या बसल्या. पायऱ्या काढून रॅम्पही झाला. (लोखंडी कपाटं जड होती.) दर महिन्याला अहवाल मुंबईला जाई, त्याची प्रत खोलीत येई, आणि अहवालात आधारगृह झपाट्यानं सुधारत असे.

पुढच्या पावसाळ्यात व्हरांड्यातल्या कस्तुराबाईनं अंथरूण धरलं. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नसेच. आता धापही लागू लागली. धुरपदानं अधीक्षकांना विनवून पाहिलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि तसा उल्लेख पुढच्या अहवालात करायचं त्यांनी कबूल केलं.

धुरपदा अहवालासाठी थांबली नाही. साहेब जेवायला गेल्यावर तिनं म्हातारीचा हात आपल्या खांद्यावर घेतला, रॅम्प चढली आणि दोन कपाटांच्या मधे तिचं अंथरूण घातलं. मग स्वतः उंबऱ्यात बसली. इथून हाकललं तर जायला पाटसला आता घर उरलं नव्हतं.

शंकरराव आले. "धुरपदाबाई, ही अभिलेखांची खोली आहे. इथं माणसं ठेवता येत नाहीत."

"साहेब, हितल्या समद्या कागदांवर आमचीच नावं हायती," ती म्हणाली. "नावं आत आन् आमी भाईर, आसं कोर्टानं सांगितलंय व्हय?"

शंकररावांनी हुकूम पुन्हा वाचला. बायकांना ओढून बाहेर काढावं, तर तेही अहवालात लिहावं लागणार. शेवटी त्यांनी सगळ्या बायकांची 'चालू अभिलेख' म्हणून नोंद केली आणि त्यांना आत घेतलं.

तेव्हापासून त्यांना पंखा मिळाला, ओलीपासून संरक्षण मिळालं, आणि वर्षातून एकदा वाळवीचं औषधही. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला जायचं तर 'वापरून परत करणे' असा शिक्का असलेली चिठ्ठी मिळे. कस्तुराबाईची धाप थांबली. तपासणी समितीनं शेरा मारला: अभिलेख सुस्थितीत, त्यांपैकी दोन गाणी म्हणत होते.

२००४ साली अंतिम निकाल लागला: ज्यांना समाजात राहायचंय, त्यांना राहू द्या. धुरपदा तोवर शिवण शिकली होती. शिरूरच्या एका दुकानदारानं तिला शाळेच्या गणवेशांचं काम दिलं. आता भाड्यानं तळमजल्यावरची एक खोली हवी होती. म्हणजे कस्तुराबाईलाही आणता आलं असतं.

शिरूर सहृदय गाव. आधारगृहाची बातमी पेपरात वाचून अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काहींनी संपादकांना पत्रंही लिहिली होती. धुरपदा नेमकी त्यांच्याच दारांत गेली. सगळ्यांनी चहा दिला. कुणाची स्वतःची हरकत नव्हती, पण दुसऱ्या भाडेकरूंचा विचार करावा लागतो. बहुतेकांकडे पाहुणे यायचे होते.

तूर्त ती दुकानातच कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपते. आधारगृहातून तिचं नाव कमी झालं आहे.

हा मजकूर वाचून ज्यांना गलबलून आलं असेल, त्यांनी कळवण्याची तसदी घेऊ नये. त्या जागा भरल्या आहेत. ज्यांची तळमजल्यावरची खोली रिकामी असेल, त्यांनी कळवावं. आणि तुमच्याकडेही पाहुणे यायचे असतील, तर ते जाणार कधी, तेवढं सांगावं.