साठेकाका कुणाला मरू देत नाहीत

साठेकाकांच्या वाचनात आजवर एकही माणूस मेलेला नाही. दोन वर्षं आम्ही बरोबरीने पुस्तकं वाचतोय. त्यात एक युद्ध, दोन साथी आणि एक धरणफुटी होऊन गेली, पण काकांना विचाराल तर सगळी मंडळी सुखरूप आहेत. "अहो काका, तो चौदाव्या प्रकरणात बुडतो!" असं मी कळवळून म्हटलं, की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि शांतपणे म्हणतात, "तुझ्या आवृत्तीत असेल."

आवृत्ती एकच असते आणि प्रतही तीच. इथे परदेशात, बॉटनी डाउन्स या उपनगरातल्या आमच्या लायब्ररीत मराठीच्या मोजून दोन फळ्या आहेत. तिथलं पुस्तक आधी मी वाचते, मग ते नेतात.

आमचं हे दोघांचं वाचक मंडळ. सुरुवातीला नऊजण होतो. आयटीतली पुण्या-मुंबईची मंडळी मोठ्या हौसेने आली, 'हीप्स', म्हणजे ढीगभर, वाचायचंय असं म्हणाली, आणि मग मुलांचं स्विमिंग, घराचं डेक, असं करत एकेक गळत गेली. उरलो काका आणि मी. मी नाशिकहून इथे शिकायला आले ती इथलीच झाले. सध्या एका हार्डवेअरच्या दुकानात स्टॉक सांभाळते. काका सांगलीचे. विमा कंपनीत पस्तीस वर्षं क्लेमच्या टेबलावर बसले आणि निवृत्तीनंतर काकूंसह मुलाकडे आले. काकूंना पुस्तकांत रस नाही, त्यांचं भजनी मंडळ आहे आणि ते आमच्यापेक्षा कितीतरी जोरात चालतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी लायब्ररीबाहेरच्या बाकावर आमची सभा भरते. काका थर्मासमधून चहा आणतात. पायात मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या अंगठ्याच्या रबरी चपला. इथल्या लोकांना ते दृश्य बघवत नाही, पण काकांना अंगठा गारठलेला चालत नाही. चहा ओतून झाला की ते एकच प्रश्न विचारतात, "या महिन्यात मनात काय राहिलं?"

गोष्ट सांगायची नाही, लेखकाची भाषा कशी आहे ते सांगायचं नाही. फक्त राहिलं काय, ते सांगायचं. मी सुरुवातीला 'स्त्रीची घुसमट' वगैरे ठेवणीतलं काहीतरी बोलायचे. काका ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "माझ्या मनात ती बाई राहिली. नवऱ्याशी भांडण झालंय, बोलणं बंद आहे, तरी त्याच्या ताटात डावीकडे लिंबाची फोड ठेवते ती." मी तेच पुस्तक वाचलेलं असायचं आणि मला लिंबू आठवत नसायचं. मला स्वतःचा राग यायचा.

मग पुढच्या महिन्याचं पुस्तक निवडायचं. हा कार्यक्रम एखाद्या स्थळाच्या चौकशीइतका चालतो. काका फळीसमोर उभे राहून प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी बघतात. "माणसं टिकतायत का बघू." टिकत नसली तर पुस्तक परत फळीवर. पण सगळी टिकतात अशी पुस्तकं मराठीत फार नाहीत, आणि दोन फळ्यांत तर नाहीतच. ती वर्षभरातच संपली. तेव्हापासून काका नाइलाजाने बाकीची नेतात आणि आपल्या पद्धतीने दुरुस्त करतात.

त्या बुडणाऱ्या मुलाचीच गोष्ट घ्या. कोकणातल्या एका मास्तरांचा मुलगा खाडीत जातो, असं चौदाव्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय. काका म्हणाले, "प्रेत सापडलं?"

"नाही, पण गावकरी परत येतात, आई रडते…"

"आई रडणं म्हणजे दाखला नव्हे. प्रेत नाही, पंचनामा नाही. मेला म्हणायला सात वर्षं थांबायला लागतं, बाई. मी असा क्लेम पास केला नसता."

"अहो, कादंबरी आहे ती!"

"मग तर लेखकाने जास्तच काळजी घ्यायला हवी होती."

मला एव्हाना पक्का संशय होता, की काका पुस्तकं वाचतच नाहीत. पहिली दहा पानं, शेवटचं पान आणि मध्ये झोप. एकदा त्यांना रंगेहाथ पकडायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

तो योग जुलैमध्ये आला. संध्याकाळी सातच्या सुमारास काकूंचा डबा परत द्यायला गेले, तर ड्राइव्हवेवर उभ्या गाडीत दिवा लागलेला. आत काका, अंगावर शाल, पट्टा लावलेला, स्टिअरिंगवर पुस्तक टेकवलेलं, मोबाइल समोर उभा. घरात टीव्ही असतो, म्हणून ते वाचायला गाडीत बसतात, हे मला नंतर कळलं. पट्टा कशाला, ते अजून कळलेलं नाही. काच थोडी खाली होती. काका मोठ्याने वाचत होते, "…आणि मग तो पोहत पोहत पलीकडच्या तीराला लागला. तिथे एका कोळ्याने त्याला पेज दिली."

हे वाक्य पुस्तकात नाही. कोळी तर अख्ख्या पुस्तकात नाही.

"बरं झालं," मोबाइलमधून एक म्हातारा आवाज आला.

वाचून झाल्यावर काकांनी मला बाजूच्या सीटवर बसवलं. आवाज अक्कांचा होता. काकांची थोरली बहीण, सांगलीला असते, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेत. इथली संध्याकाळ म्हणजे तिची जेवण झाल्यानंतरची दुपार. दोन वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा, मुकुंद, ऑफिसातून घरी येता येता गेला. काका तिथे पोचले तेव्हा सुतकाचे दिवस चालू होते. "मी तिच्यापुढे बसलो आणि मला एक शब्द सुचेना," ते म्हणाले. "जन्मभर लोकांचे मृत्यू फाइलला लावले गं मी. तर परत आल्यावर तिला फोनवर वाचून दाखवायला लागलो. आता तिला पुन्हा पुन्हा काय ऐकवायचं? निदान पुस्तकातली तरी जगू देत."

मला फार लाज वाटली. मी त्यांना पकडायला टपले होते.

पुढच्या महिन्यात काकांचा घसा बसला आणि आठवडाभर वाचायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी मला कागदावर सूचना लिहून दिल्या. 'पान ३४ : आजोबा. तीर्थयात्रेला पाठवणे. पान ७१ : धाकटी जाऊ. माहेरी. पान ९० : बैल. बैलाचं तुझं तू ठरव.' मी इमानेइतबारे सगळ्यांना वाचवलं, बैलालासुद्धा.

चौथ्या दिवशी अक्का म्हणाल्या, "छान वाचतेस हो. पण धाकटी जाऊ माहेरी गेली नाही, मेली ना?"

मी काकांच्या कागदाकडे बघितलं.

"डोळे होते तेव्हा वाचलंय मी हे. अरविंदाचा, तुझ्या काकांचा, आवाज अशा जागी बारीक होतो, तेवढ्यावरून कळतं मला. वर्षभर मी 'बरं झालं' म्हणतेय. त्याला बरं वाटतं." मग म्हणाल्या, "इथे येणारं प्रत्येक माणूस हवापाण्याचं बोलतं गं. माझ्यासमोर मुकुंदाचं नाव कुणी काढत नाही. मी काढलं तर चहा करायला उठतात. एक पुस्तक जसं आहे तसं वाच म्हणावं त्याला. ज्यात मुलगा जातो, असं."

हा निरोप पोचवायचा कसा? मी आठवडाभर धीर गोळा केला आणि रविवारी बाकावर सगळं सांगून टाकलं. काका चिडले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "तिला काय झेपतं ते मला कळतं," म्हणाले. चहा तसाच गार झाला. त्या दिवशी मनात काय राहिलं, हे त्यांनी विचारलंच नाही. मग उठून आत गेले. मीही मागोमाग गेले. काउंटरवरची मुलगी रोजच्यासारखी "किया ओरा" म्हणाली, पण त्या नमस्काराला त्यांनी उत्तर दिलं नाही. फळीसमोर कितीतरी वेळ उभे होते. शेवटी एक पुस्तक काढलं. शेवटचं पान बघितलं नाही. मला ते पुस्तक माहीत होतं, त्यांनाही होतं.

ते पान यायला सतरा दिवस लागले. "उद्या ये," एवढाच त्यांचा मेसेज आला. मी गाडीत बाजूला जाऊन बसले. पुस्तकातल्या आईला शेतावर निरोप येतो. काकांनी निरोप्याला बांधापर्यंत आणलं आणि थांबले. त्यांचं बोट ओळीवर तसंच होतं. मला वाटलं आता हे निरोप्याला परत पाठवणार. मनातल्या मनात मी त्यांना पाठवा असंच म्हणत होते, कारण मलाच ते ऐकवेना.

"अरविंदा, वाच," अक्का म्हणाल्या.

काकांनी वाचलं. एक शब्द गाळला नाही. प्रेत घरी येतं ते, आई त्याच्या पायातल्या चपला काढते ते, शेजारणी तिला उठवतात ते, सगळी अकरा पानं. मध्ये दोनदा त्यांचा आवाज फुटला, पण ते थांबले नाहीत. प्रकरण संपलं. मी मोबाइलकडे बघितलं.

"मुकुंदाने त्या दिवशी डबा नेला नव्हता रे," अक्का म्हणाल्या. "माझ्यावर रागावून गेला होता. हे मी कुणाला सांगितलेलंच नाही."

काकांनी पुस्तक मिटून मागच्या सीटवर ठेवलं आणि मोबाइल हातात घेतला.

"सांग, अक्का," ते म्हणाले. "मी कुठे जात नाही."