शिवानीबाईंनी एमपीसीचा दरवाजा घेतला त्याची हकीकत

श्रीकृपा असो. भाग्यनगर शहरी, मुसा नदीचे उत्तर तीरी, काचीगुडा पेठेत, आगगाड्यांचे कर्णे अहोरात्र ऐकत, राजमान्य नागोराव वीज कचेरीचे हेडक्लार्क सुखे नांदत होते, त्यांचे कन्येने दहावी सर करोन पुढे गणिताचा दरवाजा कैसा घेतला, आणि थोर थोर माणसे कैसी शरण आली, ते वर्तमान यथास्थित लिहावे ऐसी पुढील पिढीची आज्ञा जाहली. पुढील पिढी अजून जन्मास यावयाची आहे, आणि आली तरी तिला मराठी वाचता येईल न येईल हा अंदेशा आहे. तथापि आज्ञा ती आज्ञा, सबब लिहितो.

नागोरावांचे तीर्थरूप अंबाजी, नांदेडाकडील शेत भावांचे हवाली करोन आगगाडीत बसले, आणि गाडी जेथे थांबली तेथेच घर केले, ऐसे ते सरळ पुरुष होते. त्यांची नात शिवानीबाई. वय सोळा, अंगाने सडपातळ, बोलण्यात निम्मी मराठी, पाव तेलुगू, पाव दखनी, आणि रुसल्यावर तिन्ही बंद. दहावीचे साली शाळेची सहल निघाली, आणि दुंडिगलापाशी, जेथे वायुदलाची शिकाऊ विमाने फिरतात तेथे, बस पंक्चर जाहली. सारा वर्ग लिंबाखाली सावलीस बसोन चिप्स खाऊ लागला, आणि शिवानीबाई मात्र भर उन्हात उभ्या राहिल्या. आणि एक लहानगे विमान डोईवरून वळले, वळताना पंख ऐसे कलते केले की जणू पाण्यास गेलेली बाई कमरेवर घागर सावरते, आणि मग सरळ जाहले आणि गेले. बस दुरुस्त जाहली. शिवानीबाई जाहल्या नाहीत. घरी येताच अर्ज गुजरला की, आपण लढाऊ विमान चालविणार.

आता या मुलखाची रीत ऐसी की, दहावीनंतर जे दोन वर्षांचे शिक्षण त्यास इंटर म्हणतात, आणि इंटरच्या गडास मुख्य दरवाजे दोन. एक एमपीसी, म्हणजे गणित, भौतिक, रसायन. तेथून इंजिनेर निघतात. दुसरा बायपीसी, तेथे गणिताचे जागी जीवशास्त्र. तेथून डॉक्टर निघतात. मध्ये खिडकी नाही. शिवानीबाईंनी मोबाइलवरून सर्व बातमी काढोन पार्वतीबाई मातोश्रींस समजाविले की, वैमानिक होण्याच्या वाटा तीन: बारावी होताच एनडीएची परीक्षा, जी आता मुलींसही खुली आहे, किंवा पदवी घेऊन एएफकॅटची परीक्षा, किंवा कॉलेजात एनसीसीचे हवाई पथकातून. परंतु तिन्ही वाटांस बारावीचे गणित आणि भौतिक पाहिजेच. बायपीसीत पाऊल पडले की तिन्ही वाटा एकदम बंद. आणि प्रवेशाचा अखेरचा दिवस सोमवार.

पार्वतीबाईंनी ऐकोन घेतले, आणि मिक्सरात चटणी फिरवीत, आपल्या आईच्या चालीवर आपलेच शब्द घालोन म्हटले:

लेक मागती आभाळ, माझ्या डब्यात गं डाळ
कुठून देऊ बाई तिला, निळं निळं रानोमाळ

या ओवीचा पक्ष कोणता, हे उभय फौजांस समजले नाही. दोन्हींकडे पोळ्या सारख्याच गेल्या.

आता शत्रुपक्ष. नागोरावांच्या वडील भगिनी सुशीलाबाई, मुक्काम मलकपेठ, सरकारी दवाखान्याच्या सेवानिवृत्त हेड सिस्टर, घराण्यातील खासा गादी त्यांची. उभी हयात डॉक्टरांच्या खुर्चीमागे उभ्या राहोन काढली, आणि त्या खुर्चीत आपल्या घरचे माणूस बसलेले पाहावे हा एकच नवस. शिवानीबाई चिमुकल्या होत्या तेव्हापासून आत्याबाई त्यांस "डॉक्टरीणबाई" म्हणोन हाक मारीत, आणि कोणाचा घसा पाहणे जाहले की टॉर्च त्यांचे हाती देत. यास्तव बायपीसीचा हुकूम मलकपेठेहून कधीच सुटला होता. त्यावर शिक्का होणे तेवढे बाकी.

नागोराव मोठे मुत्सद्दी. वीज कचेरीत तक्रार करणारा आणि तक्रार ज्यावर तो, दोघेही त्यांचे टेबलावरून समाधान पावोन जात, आणि दिवा तो लागत नसे. त्यांनी घरीही तोच तह मांडिला. खट्ट्या दाळीवर भात कालवीत फर्माविले की, बायपीसी घ्यावी, डॉक्टर व्हावे, आणि मग वायुदलात डॉक्टर म्हणोन शिरावे. वर्दी तीच, कँटीन तेच, विमानात बसणेही होईल, आणि आक्काचा शब्दही राहील.

शिवानीबाईंनी घास खाली ठेविला.

"बसायचं नाहीये पप्पा. चालवायचंय."

"अगं, बसलं काय अन् चालवलं काय, वर जायला मतलब ना?"

"मग तुम्ही स्कूटरच्या मागं बसत जावा. मम्मी चालवल."

ऐसा तोफेचा गोळा येताच तह मोडला. पार्वतीबाई पदराआड हसल्या, ते नागोरावांनी पाहिले, आणि हुकूम जाहला की, हा मामला आक्काच तोडेल, रविवारी मलकपेठ.

रविवारी खासा स्वारी ऑटोत बसोन निघाली, चादरघाटचे पुलावरोन मुसा उतरली, आणि मलकपेठेत दाखल जाहली. सुशीलाबाईंचे दरबारची एक रीत फार जुनी. कोणीही येवो, जेवण होताच भिंतीलगत सतरंजीवर ओळीने बसावे, आणि आत्याबाईंनी छातीवरील उलटे घड्याळ पाहात प्रत्येकाचे मनगट धरावे. तोंड खोटे बोलते, नाडी बोलत नाही, ऐसा त्यांचा सिद्धांत. आणि याच सिद्धांताने त्यांनी रमजानात नागोराव मटणाचे हलीम चापून आले होते ते पकडिले, आणि एका पुतण्याचे प्रेमप्रकरणही. यामुळे घरचा कोणताही निकाल मनगटाशिवाय होत नसे, आणि त्या दिवशीही जाहला नाही.

शिवानीबाई पुढे बसल्या. आत्याबाईंनी मनगट धरिले, आणि आरंभ गोडीने केला की, पांढरा कोट, स्वतःचा दवाखाना, बाहेर पाटी, पेशंट उठोन उभे राहतात. नाडी बिथरलेल्या घोड्यासारखी उधळली. आत्याबाईंच्या कपाळी आठी पडली, आणि मग त्यांनी दुसरे हत्यार काढिले. म्हणाल्या की, वरती इंजिन बंद पडते. म्हणाल्या की, ढगात दिशा कळत नाही. म्हणाल्या की, सरहद्दीवर पाठवितात, आणि कधी कधी घरी पेटी येते, तीही उघडू देत नाहीत. आणि शिवानीबाईंचे मनगट, जैसे आषाढात भरलेल्या विहिरीचे पाणी, जराही हलले नाही.

"हिला तर काहीच होईना," आत्याबाई पुटपुटल्या.

पार्वतीबाई, ज्या या मामल्यात आजवर कोणत्याही पक्षाने उघड बोलल्या नव्हत्या, त्या बोलल्या. "लेकराला काय कळतंय वन्सं, भीती कशाला म्हणतात ते. ज्याला कळतंय त्याचा हात बघा."

मग आत्याबाईंनी मान वळविली. नागोराव भिंतीशी बसले होते, आणि पंख्याखाली बसोनही कपाळ पुसत होते. त्यांनी हात मागे घेतला, "मला काय झालंय, नक्को," ऐसे म्हटले, आणि आत्याबाईंनी तो हात, लहानपणी चिंचा चोरिल्या होत्या तेव्हा ओढिला होता तैसाच, ओढोन घेतला. आणि घड्याळाकडे पाहिले. आणि मग घड्याळाकडे पाहणे सोडोन भावाकडे पाहिले.

"नागू, हे कधीपासून?"

नागोरावांनी सतरंजीचा धागा उपटिला. मग म्हणाले, "ती बोलली त्या दिवसापासून. झोपलो की इमान पडतंय, आक्का."

"अन् मला काय सांगितलास? पोरीला खरी हौस डॉक्टर व्हायचीच हाय, इमानाचं खूळ दोन दिवसांचं म्हणून?"

"तुझं नाव घेतलं की घरात कोणी पुढं बोलत नाही ना."

हे ऐकताच सुशीलाबाईंचा क्रोध ऐसा उसळला की शेजारील बिऱ्हाडाने खिडकी लाविली. फर्मान सुटले ते ऐसे: मी जन्मभर त्या खुर्चीची आस केली ती खरी, आणि पोरगी त्या खुर्चीत बसती तर मी डोळे भरोन पाहिले असते तेही खरे, परंतु माझी आस म्हणजे तुझी ढाल नव्हे. भिणे हा बापाचा हक्क आहे, तो तू आपल्या नावावर भी, माझ्या नावावर भिऊ नको. आणि मग आवाज उतरला, आणि शिवानीबाईंचे मनगट, जे अद्याप दुसऱ्या हातीच होते, त्यांनी हळूच सोडिले, जैसे हातावरले पाखरू सोडावे, आणि ते उडेल की बसेल हे न पाहता उठोन स्वयंपाकघरात चहा ठेवण्यास गेल्या. चहा फार वेळ उकळत राहिला. पार्वतीबाई मागोमाग गेल्या आणि दोघी बाहेर आल्या तेव्हा आत्याबाईंचे डोळे धुतलेले होते. बसता बसता हुकूम दिला: एमपीसी. एनडीए पहिले, ते न साधे तर पुढल्या वाटा.

सोमवारी दिलसुखनगरावर चाल जाहली. तो प्रांत कोचिंगवाल्यांचा, प्रत्येक इमारतीवर पहिल्या नंबरांच्या मुलांचे फोटो ऐसे टांगलेले की जणू जिंकलेल्या किल्ल्यांची निशाणे. एका कॉलेजात शिरोन स्वारी मॅनेजरापुढे उभी राहिली. त्याने शिवानीबाईंचे गुण पाहिले, चष्मा वर केला, आणि गोड आवाजात अखेरचा सुरुंग पेरिला.

"साब, बच्ची के मार्कां अच्छे हैं. बायपीसी में डाल देओ. डॉक्टर बनती, घर में रहती, आपकू भी परेशानी नक्को."

शिवानीबाईंनी बापाकडे पाहिले. पार्वतीबाईंनी पाहिले. कुमकेस आत्याबाई नव्हत्या. त्यांनी मुद्दाम येणे केले नव्हते. मुत्सद्द्यास या क्षणी तीन तह सुचले असतील. मग ते टेबलावर दोन्ही हात टेकोन उभे राहिले, आणि कपाळीचा घाम या वेळी पुसला नाही, सर्वांस दिसू दिला.

"एमपीसी लिखो," म्हणाले. "बच्ची कू जहाज चलाना है."

मॅनेजराने लिहिले. शिक्का पडला. येणेप्रमाणे गणिताचा दरवाजा फत्ते जाहला. मौजे दिलसुखनगर येथील या युद्धात मनुष्यहानी नाही, जखमी एक, तो नागोराव. विमान अद्याप फार दूर. मध्ये इंटर आहे, परीक्षा आहेत, दमविणाऱ्या मुलाखती आणि डोळे, दात, हाडे तपासणारे वैद्य आहेत, आणि पैकी एकही गड आज घेतला गेला नाही, हे बखरकार लपवीत नाही. तथापि जे घेतले ते घेतले.

जिना उतरताना नागोराव मागे राहिले, आणि शिवानीबाई त्यांच्यासाठी थांबल्या. तेव्हा नागोरावांनी, गळा खाकरोन, राजाने सुभा सोपविताना द्यावी तैशा गंभीरतेने, अखेरची आज्ञा दिली.

"इमान हळू चालवत जा."

विमान हळू चालविले की पडते, हे शिवानीबाईंस ठाऊक होते.

"हौ पप्पा," म्हणाल्या.