उखाआप्पांचा रुमाल

उखाआप्पा इंग्रजी बोलताना तोंड बांधत. नाकावरून रुमाल, मागे पक्की गाठ, बाहेर फक्त डोळे. नंदुरबारच्या संभाषणवर्गात ते पहिल्या दिवशी असेच आले, तेव्हा मागच्या बाकावरचा योगेश म्हणाला, "आप्पा, दरोडा टाकाले उनात का?" वर्ग हसला.

मी रनाळ्यात त्यांचा शेजारी. न्यायालयातला निवृत्त कारकून. "भाऊसाहेब, तुम्ही बाजूले बसा. माले भ्याव वाटस," असे ते म्हणाले, म्हणून या वयात मी बाकावर बसलो.

आप्पांचे आयुष्य मिरची वाळवण्याच्या पथारीवर गेले. तिथे ठसक्यामुळे प्रत्येक जण तोंड बांधतो. बोलणारा ओळखू येत नाही, त्यामुळे भित्र्यांनाही कंठ फुटतो. आप्पांनी मुकादमाला, आणि एकदा तर सासऱ्यांनाही सुनावले, ते रुमालाआडूनच. "तोंड दखायनं का शब्द पळी जातस," हा त्यांचा सिद्धान्त. आजही ते वाळत्या मिरचीपुढे 'हाऊ आर यू' घोकतात. पूर्णविराम शिंकेचा असतो.

शिक्षिका त्यांच्या नातीच्या वयाची. आप्पा तिला 'मॅडमताई' म्हणतात. ती नाव, गाव, छंद शिकवी. आप्पांचा प्रश्न निराळाच. "जेवण व्हयनं का, हाई कसं इचारतस?" तिने सांगितले. ते एवढेच वाक्य त्यांनी आवडीने पाठ केले.

ही सारी उठाठेव सुनेसाठी होती. मुलगा परदेशात नोकरीला होता, तिथलीच मुलगी त्याने केली. तो होता तोवर दुभाषा घरचाच होता. गेल्या वर्षी तो आजारात गेला. सून मात्र दर रविवारी फोन करी, चेहरा दिसणारा. आप्पांना घाम फुटे. 'हॅलो' म्हणून ते फोन बंद करीत.

वर्गात रुमालाचा गुण आला, म्हणून एका रविवारी त्यांनी तोच बांधून फोन घेतला. चार वाक्ये न अडखळता म्हटली. सून रडू लागली. स्वतःच्या गालाला हात लावून काहीतरी विनवू लागली. आप्पा घाबरले आणि त्यांनी फोन बंद केला. पुढच्या रविवारी फोन आलाच नाही.

"काय चुकनं मन्हं?" फोनची हकीकत सांगून त्यांनी मॅडमताईला विचारले. "आते ती कधीच फोन नही करी का?"

तिने त्यांच्या बांधलेल्या तोंडाकडे पाहिले. "आप्पा, मुलगा तुमच्यासारखा दिसायचा का?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. "हुबेहूब," मी म्हणालो.

"मग रुमाल सोडा. आधी इथे, सगळ्यांसमोर."

आप्पा उभे राहिले. गाठ त्यांना सुटेना. ती मी सोडली. उघडा चेहरा घामाने भिजलेला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटले, हा माणूस इथेच कोसळेल.

"आप्पा, आम्हनाकडे दखू नका," मागून योगेश म्हणाला. "खिडकीकडे दखा."

आप्पांनी खिडकीकडे पाहिले. "हॅव... यू... ईटन?"

"नो, आप्पा," योगेश म्हणाला. "कॅन्टीन बंद शे."

वर्ग हसला. आप्पाही हसले, उघड्या तोंडाने.

रविवारी फोन त्यांनी स्वतः लावला. मी शेजारी होतो. फोन वाजत राहिला. "तिनी उचला नही ते?" त्यांचा हात रुमालाकडे गेला. रुमाल खुंटीवर होता.

सून दिसली. आप्पा पाठ केलेले वाक्य विसरले.

"यू ईट?" त्यांनी विचारले.

ती नुसती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. आप्पांनी फोन उजेडाकडे वळवला, आणि ते फोटो काढून घेताना माणूस बसतो तसे चेहरा स्थिर धरून बसून राहिले.